शेजारच्या खिडकीतलं रहस्य

रहस्यकथा म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभं राहतं. पडका वाडा, अमावास्येची रात्र, जिन्यावर वाजणारी पावलं, आणि शेवटच्या प्रकरणात खुन्याला हुडकून काढणारा चतुर गुप्तहेर. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’नं आणि ‘काळा पहाड’नं आपल्याकडच्या कितीतरी वाचकांना रात्र रात्र जागवलं, ते अशाच चित्रांच्या बळावर. आज मी ज्या प्रकारच्या कथेविषयी बोलणार आहे, तिच्यात मात्र पडका वाडा नाही. तिच्यात असतं एक नीटनेटकं घर. दारापुढे फुलझाडं, खिडकीला स्वच्छ पडदा, आत नवरा-बायको, एखादं मूल. शेजारीपाजारी म्हणतात, ‘काय सुखाचा संसार आहे!’ आणि वाचकाच्या मनात मात्र पहिल्या पाच-दहा पानांतच पाल चुकचुकते.

इंग्रजीत या प्रकारच्या कादंबऱ्यांना आणि चित्रपटांना मोठी मागणी आहे. त्यांना आपण मानसिक रहस्यकथा म्हणू या. साध्या रहस्यकथेत प्रश्न असतो, ‘हे कोणी केलं?’ मानसिक रहस्यकथेत त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो, ‘कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा?’ या दुसऱ्या प्रश्नामुळेच ही कथा केवळ करमणुकीची राहत नाही. ती आपल्या ओसरीपर्यंत येऊन पोहोचते. कशी, ते आता पाहू.

प्रथम, अशा कथेत जीव टांगणीला लागतो तो कशामुळे? आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकानं याचा उलगडा फार सोपा करून सांगितला आहे. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यानं त्याची दीर्घ मुलाखत घेतली, तीत तो म्हणतो त्याचा आशय असा : दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारीत आहेत आणि एकाएकी टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण ते दचकणं काही सेकंदांचं. आता तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, तो एक वाजता फुटणार हेही कळू द्या, आणि मग त्या दोघांना गप्पा मारू द्या. गप्पा त्याच, पण आता प्रेक्षक पंधरा मिनिटं खुर्चीत चुळबूळ करीत राहतो. ‘अरे, उठा तिथून!’ असं त्याला ओरडावंसं वाटतं. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर घाटातून उतरणाऱ्या बैलगाडीचं घ्या. चाकाची खीळ सैल झालेली आपल्याला दिसते आहे, आणि गाडीवान मात्र मजेत गाणं म्हणतो आहे. बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाची जी घालमेल होते, तीच या कथेची खरी शक्ती. धोका दिसतो आहे, पण ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत आवाज पोहोचत नाही.

आता दुसरा प्रश्न. ही कथा शहराबाहेरच्या शांत उपनगरातच का घडते? याला कारण आहे. आगगाडीची सोय झाली तशी लंडनच्या भोवती उपनगरं पसरत गेली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर तर एकेका जागी हजारो घरांच्या वसाहती एकदम उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ साली लेव्हिटटाउन ही वसाहत बांधायला सुरुवात झाली आणि चार-पाच वर्षांत तिथं सतरा हजारांवर घरं झाली. घरं जवळपास एकाच साच्याची. पुरुष सकाळी शहरात कामाला जात, बायका दिवसभर घरात. शेजाऱ्याचा चेहरा ओळखीचा, पण त्याचं माहेर-सासर, पूर्वेतिहास, नातीगोती यांपैकी काही ठाऊक नाही. बाहेरून सगळ्या घरांनी सारखं सुखी दिसायचं, हा जणू तिथला अलिखित नियम होता. बेटी फ्रीडन या लेखिकेनं १९६३ साली एक पुस्तक लिहून या सुबक घरांतल्या गृहिणींची मुकी घुसमट जगापुढे मांडली, तेव्हा लाखो बायकांना आपलीच गोष्ट कोणी सांगितल्यासारखं वाटलं. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी तीच जागा हेरली. भिंत पातळ, ओळख त्याहून पातळ. त्या भिंतीआड काय चाललं असेल?

या वाटेवरच्या तीन कलाकृती मी तुमच्यापुढे ठेवतो. तिन्हींत माणसं वेगळी, काळ वेगळा, पण धागा एकच आहे.

पहिली कलाकृती उपनगराची नाही, जुन्या लंडनमधली आहे. पण या सगळ्या कथांची ती आजी शोभेल. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज नाटककाराचं ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ साली रंगभूमीवर आलं. पुढे त्यावर १९४४ साली अमेरिकेत बोलपट निघाला आणि त्यातल्या भूमिकेबद्दल इंग्रिड बर्गमनला ऑस्कर पारितोषिक मिळालं. नाटकाचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. घरात दिवे गॅसचे. नवरा बोलायला गोड, पण बायकोला सारखं सांगतो की तुझी स्मरणशक्ती बिघडली आहे. भिंतीवरची तसबीर नाहीशी होते, छोट्या वस्तू हरवतात, आणि तिनंच त्या लपवल्या असं तो ठामपणे म्हणतो. वस्तू लपवणारा खरा तोच. संध्याकाळी तो बाहेर पडला की थोड्या वेळानं तिच्या खोलीतला दिवा मंद होतो आणि वरच्या बंद मजल्यावर पावलं वाजतात. तिला वाटतं, आपल्याला भास होतो आहे.

दिवा मंद का होतो? यात भुताटकी काही नाही. घरात गॅस येतो तो एकाच नळीतून. दुसऱ्या खोलीत आणखी एक दिवा लावला की पहिल्याचा दाब कमी पडतो आणि ज्योत लहान होते. विहिरीवरच्या एकाच नळाला दोन तोट्या बसवल्या, तर दुसरी सोडताच पहिलीची धार बारीक होते, तसंच हे. म्हणजे वर कोणीतरी दिवा लावून वावरतो आहे. तो कोण, तर तिचा नवराच. बाहेर जाण्याचं सोंग करून तो चोरवाटेनं परत येतो आणि त्या घरात पूर्वी खून झालेल्या बाईची रत्नं धुंडाळतो.

या नाटकातला सगळ्यांत मोठा क्षण खुन्याला पकडण्याचा नाही. तो क्षण त्याच्या किती तरी आधी येतो. एक म्हातारा पोलीस अधिकारी घरात येतो, तिच्याजवळ बसतो, आणि दिवा मंद झालेला त्यालाही दिसतो. तिच्या पाहण्याला साक्षीदार मिळतो. जे मला दिसतं ते दुसऱ्यालाही दिसतं, एवढ्यानं ती बाई वेडाच्या काठावरून परत फिरते. या नाटकाच्या नावावरून इंग्रजीत ‘गॅसलायटिंग’ असा शब्दच रूढ झाला. समोरच्याला त्याच्याच डोळ्यांवर आणि आठवणीवर अविश्वास वाटायला लावायचं, असा त्याचा अर्थ. २०२२ साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशानं तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीच्या नाटकाचा दिवा अजून विझलेला नाही, याचं हे गमक म्हणावं लागेल.

दुसरी कलाकृती म्हणजे हिचकॉकचा १९५४ सालचा ‘रिअर विंडो’, म्हणजे मागची खिडकी. कॉर्नेल वुलरिच याच्या १९४२ सालच्या एका कथेवर तो आधारलेला आहे. जेफ नावाचा छायाचित्रकार पाय मोडून घरी पडला आहे. उन्हाळा कडक, म्हणून सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या. करमणूक म्हणून तो चौकापलीकडच्या बिऱ्हाडांत पाहत बसतो. हा सारा चौक, तिसाहून अधिक बिऱ्हाडांसह, हिचकॉकनं स्टुडिओत बांधून घेतला होता. आणि जवळजवळ सबंध चित्रपटभर कॅमेरा जेफच्या खोलीतून हलत नाही. बहुतेक वेळ जेफला दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं.

समोरच्या एका बिऱ्हाडात एक फिरता विक्रेता आणि त्याची अंथरुणाला खिळलेली बायको राहतात. दोघांचं सारखं वाजतं. एका पावसाळी रात्री तो पेटी घेऊन दोन-तीनदा बाहेर जाऊन येतो. दुसऱ्या दिवशी बायको दिसत नाही. तो करवत आणि सुरा कागदात गुंडाळतो, मोठी ट्रंक दोरानं बांधतो. जेफला संशय येतो. त्याचा पोलीसमित्र प्रत्येक गोष्टीचा साधा खुलासा देतो : बाई गावाला गेली, लोकांनी तिला जाताना पाहिलं. खुलासा पटण्याजोगा असतो. तो उलटून लावते जेफची मैत्रीण लिसा. तिचं म्हणणं असं, की कोणतीही बाई आपली रोजची पर्स आणि लग्नाची अंगठी मागे टाकून गावाला जात नाही. आपल्याकडची कोणीही मावशी हेच म्हणाली असती. मंगळसूत्र खुंटीला ठेवून बाई माहेरी गेली असं कोणी सांगितलं, तर आपण विश्वास ठेवू काय?

या चित्रपटातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. चौकातल्या एका जोडप्याचं लाडकं कुत्रं एका रात्री कोणीतरी मारून टाकतं. त्याची मालकीण गॅलरीत उभी राहून सगळ्या शेजाऱ्यांना उद्देशून आक्रोश करते. तिच्या बोलण्याचा भावार्थ असा, की तुम्हांला शेजार शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का. कोण जगलं, कोण मेलं, याचं कोणाला काही आहे का? सगळी माणसं खिडक्यांशी गोळा होतात. एकच खिडकी अंधारात राहते, आणि त्या अंधारात सिगारेटचा निखारा तेवढा लुकलुकतो. जेफला उत्तर मिळतं.

पण थांबा. हिचकॉक जेफलाही सोडत नाही. जेफची देखभाल करणारी परिचारिका स्टेला सुरुवातीलाच त्याची कानउघाडणी करते, की लोकांच्या घरात डोकावण्यापेक्षा माणसानं कधी आपल्या घरात डोकावून पाहावं. आणि शेवटाकडे आणखी एक गोष्ट घडते. जेफ आणि स्टेला खुन्याच्या खिडकीकडे डोळे लावून बसलेले असताना, खालच्या मजल्यावरची एक एकाकी बाई झोपेच्या गोळ्या समोर घेऊन बसते. ती जीव द्यायला निघाली आहे हे त्यांच्या ध्यानात येतं ते फार उशिरा. त्या बाईला वाचवतं ते वरच्या संगीतकाराच्या खोलीतून आलेलं गाणं. म्हणजे शेजाऱ्याकडे दिवसरात्र टक लावून बसलेला माणूसही शेजाऱ्याचं दुःख चुकवू शकतो! पाहणं आणि लक्ष असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या साधेपणानं क्वचितच कोणी दाखवलं असेल.

तिसरी कलाकृती अलीकडची आणि अस्सल उपनगरातली. पॉला हॉकिन्स या लेखिकेची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ ही कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर गाजली. २०१६ साली तिच्यावर इंग्रजी चित्रपट निघाला, २०२१ साली हिंदीही. रेचल नावाची घटस्फोटित बाई रोज सकाळी आगगाडीनं लंडनला जाते. दारूच्या व्यसनापायी तिची नोकरी कधीच सुटली आहे. पण जिच्या घरी ती राहते त्या मैत्रिणीला कळू नये म्हणून ती जाणं-येणं चालू ठेवते. वाटेत एका सिग्नलशी गाडी रेंगाळते. तिथून रुळांकडेची घरं दिसतात. त्यांपैकी एका घरातल्या तरुण जोडप्याला ती रोज पाहते. त्यांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून मनानंच ठेवते. त्यांचा संसार किती प्रेमाचा असेल, याची चित्रं रंगवते. त्याच रांगेत, काही घरं सोडून, तिचं स्वतःचं जुनं घर आहे. तिथं तिचा पूर्वीचा नवरा नव्या बायकोसह राहतो.

एके दिवशी त्या जोडप्यातली बाई परपुरुषाबरोबर रेचलला दिसते, आणि पुढे ती बाई बेपत्ता झाल्याची बातमी येते. बेपत्ता झाली त्या रात्री रेचल त्याच रस्त्यावर होती, पण प्यालेली. डोक्याला खोक पडली आहे, आणि काय घडलं ते काही केल्या आठवत नाही. पोलिसांना सांगायला जावं, तर बेवड्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? ती स्वतःही ठेवीत नाही. शेवट मी सांगत नाही, ज्यांना वाचायची आहे त्यांचा विरस होईल. एवढंच सांगतो, की आपल्या मनात असलेल्या सगळ्याच आठवणी आपल्या स्वतःच्या असतात असं नाही. काही दुसऱ्यानं आपल्याला सांगून सांगून पढवलेल्या असतात, हे रेचलला हळूहळू उमगतं. गॅसच्या दिव्याची गोष्ट पाऊणशे वर्षांनी आगगाडीत बसून परत आली, असं म्हणा ना!

आता हे तिन्ही धागे एकत्र करून पाहा. तिन्ही ठिकाणी सत्य ज्याला दिसतं तो माणूस दुबळा आहे. एकीला वेडी ठरवलेलं, एकाचा पाय प्लास्टरमध्ये, तिसरी व्यसनात बुडालेली. लेखकांनी असं मुद्दाम केलं आहे. साक्षीदार धडधाकट आणि प्रतिष्ठित असता, तर पहिल्याच दिवशी पोलीस आले असते आणि गोष्ट संपली असती. जीव टांगणीला लागतो तो खुनामुळे कमी, आणि ‘हिचं कोणी ऐकेल का?’ या काळजीनं जास्त. प्रत्यक्षातही घरातलं दुःख ज्यांच्या वाट्याला येतं, ती माणसं अशीच असतात : परक्या घरी आलेली सून, लहान मूल, हातपाय थकलेली म्हातारी. ज्याच्या बोलण्याला वजन नाही, त्याच्याच वाट्याला सत्य सांगण्याचं ओझं येतं.

दुसरी गोष्ट. शेजारी दोन प्रकारे चुकतो. रेचलनं परक्या घरावर सुखाचं चित्र रंगवलं; तेही खोटंच होतं. जेफ चुकला असता तर एका निरपराध माणसावर खुनाचा आळ आला असता. म्हणजे मनानंच गोष्ट रचणं ही एक चूक. आणि कानावर आलेलं कानाआड करणं, ही त्या चौकातल्या इतर सगळ्यांची दुसरी चूक. चांगली मानसिक रहस्यकथा या दोन चुकांच्या मधली अरुंद पायवाट दाखवते.

तुम्ही म्हणाल, हे साहेबांच्या देशातलं झालं, आमच्या गावात सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. खरं आहे. आपल्याकडे भिंतीपलीकडचं ऐकायला दुर्बीण लागत नाही. पण कळूनही काय होतं? ‘नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये’, ‘घरोघरी मातीच्या चुली’, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’, अशा म्हणी आपण पुढे करतो आणि कवाड लावून घेतो. पारावर त्या घराची चर्चा मात्र चवीनं होते. चांभारचौकशी भरपूर, शेजारधर्म शून्य. तिकडे कोणाला कळत नाही म्हणून जे घडतं, ते आपल्याकडे सगळ्यांना कळत असूनही घडतं. यांत अधिक दोषाचं कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

शेजाऱ्यानं करायचं तरी काय? भांडणात उडी घ्यायला कोणी सांगत नाही. २००८ साली आपल्या देशात ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेनं ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम चालवली होती. तिच्यातला उपाय अगदी घरगुती होता. शेजारून मारहाणीचा आवाज आला की जाऊन घंटी वाजवायची आणि वाटीभर दूध मागायचं. दूध हे निमित्त. आत एवढाच निरोप पोहोचतो, की बाहेर कोणाला तरी ऐकू येतं आहे. ‘गॅस लाइट’मधल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं तरी सुरुवातीला दुसरं काय केलं? दिवा मंद झालेला मलाही दिसला, एवढंच म्हटलं. आपल्याकडे घंटी नसेल. विरजण, विस्तव, चटणीचं भांडं यांची उसनवारी तर आहे!

कायद्याचाही आधार आहे, तो ठाऊक असू द्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ सालचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्यात मारहाणीबरोबरच शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाचार मानलं आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे असा छळ झाला, होतो आहे किंवा होणार आहे असं मानायला कारण असेल, तर कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. आणि सद्‌हेतूनं माहिती दिली असेल तर तिच्याबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते लिहून ठेवायला काही खर्च येत नाही.

जाता जाता शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावंसं वाटतं. वरच्या वर्गातल्या मुलांना एखादी रहस्यकथा वाचून दाखवा आणि ऐन मध्यावर थांबा. फळ्यावर दोन रकाने आखा. एकावर लिहा ‘सांगणाऱ्यानं काय पाहिलं’, दुसऱ्यावर ‘सांगणाऱ्यानं काय मानलं’. मग मुलांकडून ते भरून घ्या. ट्रंक दोरानं बांधली, हे पाहिलेलं. तिच्यात प्रेत आहे, हे मानलेलं. अंगठी घरातच राहिली, हे पाहिलेलं. बाई जिवंत नाही, हे मानलेलं. सुरुवातीला मुलांचे दोन्ही रकाने एकमेकांत मिसळतील. दोन-तीन गोष्टींनंतर त्यांना फरक कळू लागेल. अफवेवर विश्वास ठेवू नये असं दहा वेळा बजावण्यापेक्षा हा धडा अधिक टिकतो. आणि वर्गात असं एखादं मूल असतं, जे एकाएकी गप्प होतं, घरी जायची वेळ झाली की रेंगाळतं. त्याच्याकडे पाहतानाही हेच दोन रकाने मनात आखावेत. पहिला रकाना भरत चालला असेल, तर शांतपणे विचारपूस करावी, आणि गरज पडल्यास वर सांगितलेल्या क्रमांकावर कळवावं.

रहस्यकथा वाचणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचं मत होतं. निकृष्ट कथांबद्दल ते खरंही असेल. पण शेजारच्या खिडकीतलं रहस्य नीट सांगणारी कथा वाचून पुस्तक मिटताना, आपल्या घराच्या डाव्या-उजव्या बाजूला कोण राहतं आणि त्यांतल्या कोणाचा आवाज अलीकडे ऐकू आलेला नाही, हा विचार मनात येतो. तो आला, तर उद्या सकाळी विरजणाचं निमित्त काढून त्या दाराशी जाऊन या.